रॉजर्स गावचे दुकान आणि आपला नाका

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळात जो वाद झाला, तो पुष्कळ भगिनींच्या स्मरणात असेल. तिळगूळ वाटून झाला होता, वाणे लुटून झाली होती, आणि कोणीतरी सहज विचारले, "डब्या कुठून हो आणल्यात? इतक्या स्वस्त कशा मिळाल्या?" उत्तर सर्वांनाच ठाऊक होते. आपल्या नाक्यावर सवलतीच्या दराने माल विकणारे जे तीन मजली दुकान झाले आहे, तेथूनच त्या आल्या होत्या. मग काय विचारता! एक वहिनी म्हणाल्या, महिन्याच्या किराण्यात उरलेल्या पैशांवर मुलीच्या शिकवणीची फी निघते. दुसऱ्या म्हणाल्या, आमच्या सुनेला तिथे नोकरी लागली, चार पैसे घरात येऊ लागले. तिसऱ्या मात्र गप्प बसून होत्या आणि मग एकदम म्हणाल्या, "आणि आपल्या कोपऱ्यावरच्या शेठनी दुकानाला कुलूप लावले, त्याचे काय?" आवाज चढले. अखेर अध्यक्षाबाईंनी कॉफी आणायला सांगून सभा शांत केली, आणि चिटणीसबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही अमेरिकेत त्या दुकानांचे मूळ गाव पाहून आला आहात. स्मरणिकेसाठी तुम्हीच लिहा."

मी काही मोठी अभ्यासक नव्हे. पालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षे इतिहास-भूगोल शिकवला, एवढाच माझा अधिकार. परंतु माझा भाचा आर्कान्सा राज्यातल्या बेंटनव्हिल या गावी नोकरीस आहे आणि त्याच्याकडे मी चार महिने राहून आले, ही गोष्ट खरी. संगणकाच्या कामासाठी आपल्याकडची पुष्कळ मुले त्या गावात गेली आहेत. त्यांतल्या अनेकांचे अन्न वॉलमार्ट नावाच्या कंपनीवर चालते, तसेच माझ्या भाच्याचेही चालते. तेव्हा मी जे लिहिणार आहे, ते त्याच्या घरचे मीठ खाऊन लिहीत आहे, हे आधीच सांगून टाकते.

बेंटनव्हिलच्या चौकात एक जुने, ठेंगणे दुकान जपून ठेवले आहे. दर्शनी पाटीवर 'वॉल्टन्स फाइव्ह अँड टेन' असे लिहिलेले आहे. म्हणजे पाच-दहा सेंटांत वस्तू मिळण्याचे दुकान. संग्रहात मालकाची जुनी फोर्ड मालगाडी आहे. जगातील अतिश्रीमंत मनुष्य म्हणून ज्याचे नाव झाले, तो ह्याच साध्या गाडीतून शिकारी कुत्र्यांना घेऊन हिंडत असे. पाहणाऱ्याला वाटते, किती साधा माणूस! आणि तो साधा होताही. तथापि साधेपणा आणि काटकसर हे गुण मालकाने स्वतःच्या अंगी बाणवणे वेगळे आणि नोकरांच्या पगारात दाखवणे वेगळे. ह्या लेखाचा निम्मा विषय तोच आहे.

सॅम वॉल्टन ह्यांचा जन्म १९१८ चा. १९४५ साली सैन्यातून सुटल्यावर त्यांनी आर्कान्सातल्याच न्यूपोर्ट गावी एक दुकान विकत घेतले. किंमत पंचवीस हजार डॉलर. त्यांतले वीस हजार सासऱ्यांनी उसने दिले. (जावयाला भांडवल पुरविण्याची रीत केवळ आपल्याकडचीच नव्हे, हे वाचून मला गंमत वाटली.) पत्नी हेलनबाई ह्यांनी अट घातली होती की, दहा हजारांहून अधिक वस्तीच्या गावात आपण राहायला जाणार नाही. ह्या बाईंच्या त्या एका हट्टाने अमेरिकेच्या व्यापाराची दिशा ठरली असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. मोठ्या व्यापाऱ्यांचे लक्ष शहरांकडे होते. लहान गावांना कोणी विचारीत नव्हते. वॉल्टन ह्यांनी नेमकी तीच गावे धरली.

न्यूपोर्टच्या दुकानात ते जो धडा शिकले, तो बायकांच्या आतल्या कपड्यांवर शिकले. लाजण्याचे कारण नाही. त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात ही हकीकत दिली आहे. नेहमीच्या पुरवठादाराकडून अडीच डॉलर डझनाने ते कपडे मिळत आणि डॉलरला तीन ह्या भावाने विकले जात. न्यूयॉर्कच्या एका अडत्याकडे तेच दोन डॉलर डझनाने मिळाले. वॉल्टन ह्यांनी डॉलरला चार असा भाव लावला. हिशेब आपण करून पाहू. पूर्वी डझनामागे चार डॉलर येत, दीड डॉलर सुटत असे. आता तीनच डॉलर येऊ लागले आणि एक डॉलर सुटू लागला. नफा कमी झाला. परंतु खप तिपटीवर गेला. नगामागे कमी आणि एकंदरीत जास्त, हीच सवलतीच्या दुकानांची सारी विद्या.

पुढे १९५० साली जागामालकाने भाडेपट्टा वाढवून दिला नाही, न्यूपोर्टचे चालते दुकान हातचे गेले, आणि कुटुंब बेंटनव्हिलला आले. आपली युक्ती त्यांनी शिकागोच्या मोठ्या मालपुरवठादारांपुढे मांडली होती. त्यांनी ती नाकारली. तेव्हा २ जुलै १९६२ रोजी शेजारच्या रॉजर्स गावी त्यांनी स्वतःचे पहिले वॉलमार्ट उघडले. त्याच वर्षी मिशिगनमध्ये केमार्ट आणि मिनेसोटात टार्गेट ही दुकानेही सुरू झाली. आमच्या लहानपणी आम्ही तागडीत मोजलेली, कागदाच्या पुडीत दोऱ्याने बांधलेली साखर आणीत होतो, तेव्हा तिकडे हा खेळ मांडला जात होता.

मोठ्या दुकानाविरुद्ध लहान दुकानदार हे भांडण मात्र त्याहून जुने आहे. १९३० च्या सुमारास 'ए अँड पी' नावाच्या किराणा कंपनीची पंधरा हजारांवर दुकाने अमेरिकेत होती आणि तिच्याविरुद्ध एवढा ओरडा झाला की कित्येक राज्यांनी अशा साखळी दुकानांवर जादा कर बसवले. १९३६ साली कायदा झाला की, मोठ्या गिऱ्हाइकाला एक भाव आणि लहान दुकानदाराला दुसरा, असा भेद पुरवठादाराने करू नये. पुष्कळ राज्यांत कारखानदाराने ठरवलेल्या किमतीखाली माल विकण्याचीही बंदी होती. ती बंदी १९७५ मध्ये उठली. म्हणजे स्वस्त विकणे हा निसर्गनियम नव्हे. त्याला वाट कायद्यांनी करून दिली, आणि एकेकाळी कायद्यांनीच ती अडवलीही होती.

आता नोकरांकडे वळते. ओझार्क डोंगरांतल्या त्या गावांत शेती परवडेनाशी झाली होती. शेतकऱ्यांच्या बायका घराला हातभार म्हणून दुकानांत कामाला येऊ लागल्या. घरचे काम म्हणजे काम नव्हे आणि बाईची कमाई म्हणजे वरखर्च, ही समजूत तिकडेही होतीच. १९५० च्या दशकात एका दुकानाच्या व्यवस्थापकाने मुलींचा पगार तासाला पन्नास सेंटांवरून पंच्याहत्तर केला, तेव्हा वॉल्टन ह्यांनी त्याला समजावले की, आपण वाढ पावलीने देत नाही, पाच सेंटांनी देतो. किमान वेतनाचा कायदा १९६१ मध्ये मोठ्या दुकानांना लागू झाला. त्याची मर्यादा ओलांडू नये म्हणून प्रत्येक दुकान निराळी कंपनी दाखवण्यात आले. न्यायालयाने ते मानले नाही. आपण आरंभी पगारात फार हात आखडला, हे वॉल्टन ह्यांनी म्हातारपणी प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. १९७१ मध्ये खालच्या नोकरांनाही नफ्यात वाटा देण्याची योजना झाली. त्यामागे हेलनबाईंचा आग्रह होता. दुकानातल्या काही जुन्या नोकरांना त्यातून निवृत्तीच्या वेळी घसघशीत रकमा मिळाल्या. ही बाजू न सांगणे अन्यायाचे होईल.

परंतु मला सर्वांत अधिक भिडली ती बेटी ड्यूक्स ह्यांची हकीकत. ही कृष्णवर्णीय बाई १९९४ साली कॅलिफोर्नियातल्या पिट्सबर्ग गावच्या वॉलमार्टमध्ये तासाला पाच डॉलरवर अर्धवेळ कॅशियर म्हणून लागली. तिला वर चढायचे होते. प्रशिक्षण मागितले तर मिळेना. तक्रार केली तर आपल्याला खालच्या जागेवर टाकले, असे तिचे म्हणणे. पुढे दारात उभे राहून गिऱ्हाइकांचे स्वागत करण्याचे काम तिच्याकडे आले. २००१ साली तिने आणखी पाच जणींसह दावा लावला. त्यात आकडा असा होता की, तासाच्या पगारावर काम करणाऱ्यांत सत्तर टक्के स्त्रिया, आणि व्यवस्थापकांत अवघ्या तेहतीस टक्के. २००४ साली न्यायाधीशांनी तो दावा कंपनीतल्या सुमारे पंधरा लाख आजी-माजी स्त्री नोकरांच्या वतीने चालवण्यास मान्यता दिली. अमेरिकेच्या इतिहासात नोकरीतल्या भेदभावाचा एवढा मोठा सामुदायिक दावा झाला नव्हता.

तो सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. २० जून २०११ रोजी निकाल लागला की, इतक्या स्त्रियांच्या इतक्या निरनिराळ्या गाऱ्हाण्यांना बांधणारा एकच धागा दिसत नाही, म्हणून एकत्र दावा चालणार नाही. ह्या मुख्य प्रश्नावर पाच विरुद्ध चार असे मत पडले. न्यायालयात त्या वेळी तीन स्त्रिया होत्या. तिघीही अल्पमतात होत्या. भेदभाव झाला की नाही, हे न्यायालयाने ठरवलेच नाही, हे मात्र ध्यानात घ्यावे. 'तुम्ही सगळ्याजणी मिळून येऊ नका, एकेकटीने या,' एवढाच त्याचा अर्थ. एकेकटीने कोर्टात जाणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांनी घराच्या वाटणीसाठी खेटे घातले आहेत त्यांना सांगायला नको. बेटीबाई २०१७ साली वारल्या.

युनियनचीही गोष्ट थोडक्यात सांगते. फेब्रुवारी २००० मध्ये टेक्ससच्या जॅक्सनव्हिल गावी दुकानात मटण कापणाऱ्या नोकरांनी सात विरुद्ध तीन मतांनी युनियन मान्य केली. दोन आठवड्यांत कंपनीने जाहीर केले की, यापुढे पुष्कळ दुकानांतून कापलेले, बांधलेले मटण बाहेरूनच येईल. हे आधीच ठरले होते, असे कंपनी म्हणाली. कॅनडात क्विबेक प्रांतातल्या जाँकिएर गावी २००४ मध्ये युनियन झाली आणि २००५ च्या एप्रिलमध्ये सारे दुकानच बंद पडले. सुमारे १९० जणांची नोकरी गेली. तोट्याचे कारण दाखवले होते. नऊ वर्षांनी, २०१४ मध्ये, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने नोकरांच्या बाजूने कौल दिला. तोवर ते लोक कुठल्या कुठे पांगले असतील!

आता तिसऱ्या वहिनींचा प्रश्न: गावाचे काय झाले? आयोवा स्टेट विद्यापीठातले केनेथ स्टोन नावाचे अर्थशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे हा हिशेब ठेवीत होते. १९८३ ते १९९३ ह्या दहा वर्षांत आयोवातल्या लहान गावांतून किराण्याची ५५५ आणि हत्यारे-अवजारांची २९८ दुकाने नाहीशी झाली, असे त्यांनी दाखवले. सगळीच एका कंपनीमुळे गेली असे नव्हे. रस्ते सुधारले, मोटारी वाढल्या, शेती मंदावली. दुसरीकडे, वॉलमार्ट जेथे उघडले त्या गावातली खाणावळी-पेट्रोलपंपांची विक्री वाढली आणि मार बसला तो दहा-वीस मैलांवरच्या गावांना, असेही त्यांना आढळले. नोकऱ्यांचा हिशेब २००८ साली तिघा संशोधकांनी मांडला: वॉलमार्टमधला एक नोकर इतर दुकानांतल्या सुमारे १.४ नोकरांची जागा घेतो. दुसऱ्या काही अभ्यासांत निराळे उत्तर आले आहे. स्वस्ताईचा फायदा मात्र कोणी नाकारीत नाही आणि तो गरिबाला अधिक होतो, कारण त्याच्या मिळकतीचा मोठा भाग पोटावरच खर्च होतो.

उत्तर कॅरोलायनात ओरिएंटल नावाचे नऊशे-एक वस्तीचे किनाऱ्यावरचे खेडे आहे. तेथे एका कुटुंबाचे किराण्याचे दुकान चाळीस वर्षांहून अधिक काळ चालले होते. २०१४ मध्ये वॉलमार्टने आपले लहान आकाराचे एक दुकान तेथे काढले. जुन्या दुकानाची विक्री घसरली आणि २०१५ च्या ऑक्टोबरात ते बंद झाले. तीन महिन्यांनी, जानेवारी २०१६ मध्ये, कंपनीने जगभरची २६९ दुकाने बंद करण्याचे ठरवले, त्यात ओरिएंटलचेही गेले. म्हणजे आधी एक दुकान होते, मग दोन झाली, आणि दोन वर्षांच्या आत एकही उरले नाही. म्हाताऱ्या माणसांनी औषधासाठीसुद्धा मोटार काढून दुसऱ्या गावी जायचे. भाच्याला मी हे विचारले. तो म्हणाला, "मावशी, कंपनीच्या दृष्टीने तो तक्त्यातला एक आकडा होता." तो वाईट मुलगा नाही. मला राग आला तो त्याचा नव्हे. पण जेवण गोड लागले नाही.

स्वस्त कपड्यांचा दुसरा टोकाचा धागा तर आपल्या शेजारच्या देशात आहे. २४ नोव्हेंबर २०१२ रोजी ढाक्याजवळच्या ताझरीन कारखान्याला आग लागून शंभरावर माणसे दगावली. बहुतेक शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया. वॉलमार्टसाठी शिवलेला माल तेथे सापडला. आपल्या परवानगीवाचून पुरवठादाराने तेथे काम दिले होते, असे कंपनीने सांगितले.

आपल्या देशात हे प्रकरण कसे आले, ते पुष्कळांना माहीत आहे. २००९ मध्ये अमृतसरला कंपनीचे पहिले घाऊक दुकान निघाले. २०१२ च्या सप्टेंबरात परकीय भांडवलाला किरकोळ व्यापारात ५१ टक्क्यांपर्यंत मुभा मिळाली आणि त्यावर देशभर बंद झाला. २०१८ मध्ये फ्लिपकार्टचा ७७ टक्के वाटा कंपनीने सोळा अब्ज डॉलरला घेतला. पण खरी स्पर्धा परक्यांनीच आणली असेही नाही. सवलतीची मोठी दुकाने आपल्याच व्यापाऱ्यांनी शहरोशहरी काढली आणि आपण पिशव्या घेऊन तेथे गेलो. मीही गेले. अजून जाते.

माझे माहेर लालबागचे. वडील गिरणीत साचे चालवीत. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. माझे लग्न झाले होते. तरी आईकडे गेले की चूल कशी पेटते हे मी पाहत असे. चाळीखालच्या वाण्याने आठ महिने उधारीवर शिधा दिला. तो काही संत नव्हता. वजनात मारायचा, आणि पुढे भाव चढवून वसुलीही केली. आई त्याला शिव्या घालीत असे आणि त्याच्या मुलीच्या लग्नात तिने आपल्या हाताने अनारसे करून नेले. पुढे गिरण्यांच्या जागी मॉल आले. त्यांच्या गल्ल्यावर यंत्र आहे, आणि यंत्राला कोणाचा बाप संपावर आहे ते कळत नाही.

शेठ नको असतील आणि मोठा मालकही नको असेल तर तिसरी वाट आपल्याच लोकांनी काढून दाखवली होती. नायगावच्या गिरणी कामगारांनी १९४८ मध्ये सहकारी संस्था काढली, तिचाच पुढे 'अपना बाजार' झाला. १९७५ च्या मुंबई ग्राहक पंचायतीत तर शेजारची कुटुंबे एकत्र येऊन महिन्याचा माल घाऊक मागवीत व आपसांत वाटून घेत. वजन-वाटणीचे काम पुष्कळ ठिकाणी घरच्या स्त्रियाच करीत. आपल्या मंडळानेही दिवाळीला रवा-मैद्याचा असा घाऊक उद्योग दोन वर्षे केला होता. तिसऱ्या वर्षी हिशेब कोणी लिहायचा ह्यावरून तो बुडाला, हे येथे लिहिले तर चिटणीसबाई मला क्षमा करतील.

राहता राहिली ज्यांच्या सुनेला नोकरी लागली त्या वहिनींची गोष्ट. लेखासाठी म्हणून मी त्या मुलीला घरी चहाला बोलावले. पगार वेळेवर मिळतो, म्हणाली. स्वतःचे बँकेचे पुस्तक झाले, सासूबाई आता पोळ्या करून ठेवतात. दुकान सोडायची तिची मुळीच इच्छा नाही. मग पायांतल्या चपला काढून तिने घोटे दाखवले. नऊ तास उभे राहायचे. गिऱ्हाईक नसले तरी बसायचे नाही. मी तिला केरळची हकीकत सांगितली. कोळिकोडच्या पी. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी दुकानांतल्या मुलींची संघटना बांधली, बसण्याच्या हक्कासाठी अनेक वर्षे झगडा केला, आणि २०१८ साली केरळ सरकारने दुकानांच्या कायद्यात तसे कलम घातले. तामिळनाडूने २०२१ मध्ये तेच केले.

मुलीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "काकू, ते कलम लिहिलेले कुठे मिळेल?" भाच्याने ते शोधून पाठवले आहे. इंग्रजीत आहे, म्हणून मी मराठीत उतरवते आहे. तिच्याबरोबर कामाला असणाऱ्या आणखी चौघीजणी पुढच्या गुरुवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत यायच्या आहेत. खोलीची किल्ली माझ्याकडे आहे.